सीमाभागाने ऐकलेला विनोद : नभोवाणीच्या बहराच्या काळातील श्रुतिका आणि बिदर-कलबुर्गीचा मराठी श्रोता

वाचनालयाच्या शताब्दी-ग्रंथात नभोवाणीवरील विनोदी कार्यक्रमांच्या इतिहासाला स्थान कशासाठी, असा प्रश्न एखाद्या सभासदाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या प्रदेशाच्या भाषिक इतिहासात आहे. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी माणसाला गेल्या शतकात मराठी भाषा दोन वाटांनी भेटत राहिली. लिहिलेली मराठी त्याला वाचनालयाने पुरवली. घराबाहेरून येणारी बोललेली मराठी, तीही हसतीखेळती आणि रोजच्या व्यवहारातली, त्याला प्रामुख्याने नभोवाणीने पुरवली. पहिल्या वाटेची नोंद आपल्या दाखल-नोंदवहीत आणि वार्षिक अहवालांत सापडते. दुसऱ्या वाटेची नोंद कोणी ठेवली नाही. तिचा मागोवा घेण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

प्रथम प्रदेशाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. निझामी अमलात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सार्वजनिक सभा-संमेलनांवर गश्ती निशाण ५३ सारख्या फर्मानांचा वचक असे. अशा काळात गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (१९०७) किंवा हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१९२२) यांसारख्या संस्थांनी मराठीचा दिवा तेवत ठेवला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले; जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद आणि शेजारचा गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. एकाच कुटुंबातील लेक उदगीरला आणि माहेर भालकीला, अशी स्थिती झाली. नकाशावर सीमा उमटली, पण ध्वनिलहरींना ती ठाऊक नव्हती. आपल्या विषयाचा प्रारंभ येथूनच होतो.

या भागाच्या कानांवर पडलेली पहिली नभोवाणी हैदराबादची होय. ते केंद्र मुळात खासगी धडपडीतून उभे राहिले आणि १९३५ मध्ये निझाम सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. पुढे औरंगाबाद येथेही संस्थानाचे केंद्र सुरू झाले. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या मालकीची जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम आणि बडोदा यांच्यासह हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन होती. म्हणजे पाचांपैकी दोन एकट्या निझामाची. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर, १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादचे केंद्र ऑल इंडिया रेडिओमध्ये विलीन झाले. ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र आजच्या कर्नाटकातून आले, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली सुरू केलेल्या केंद्राचे ते नाव होते. १९५७ पासून ते साऱ्या देशाचे झाले.

यानंतरच्या दोन-अडीच दशकांना नभोवाणीचा बहराचा काळ म्हणता येईल. त्या काळात बिदर किंवा आळंदच्या घरात रेडिओची सुई फिरवली, तर काय ऐकू येई? दिवसा हैदराबाद स्पष्ट येई. बिदरपासून ते शहर सुमारे १४० किलोमीटरवर. रात्र पडली की मुंबई-पुणे येऊ लागे. यामागचे कारण भौतिकशास्त्रातील आहे. मध्यम लहरी दिवसा आयनांबराच्या खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्याच लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे सीमाभागातील मराठी श्रोत्याची मराठी ही बव्हंशी रात्रीची मराठी होती. दिवसभर कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि रात्रीच्या जेवणानंतर खरखरीतून वर येणारी मुंबईची मराठी, असा तो दिनक्रम होता.

त्या ऐकण्यालाही सायास पडत. रेडिओला परवाना लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. वीज नसलेल्या गावी जड बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ असत. माळवदावर दोन बांबू रोवून त्यांमध्ये तांब्याची जाळीदार पट्टी ताणली म्हणजे एरियल तयार होई. गावात असे एखाद-दोनच संच असल्याने कार्यक्रम ऐकणे हा चार घरांचा सामुदायिक उद्योग असे. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला, तेव्हा रेडिओ माळवदाखालून शेतात आणि दुकानाच्या गल्ल्यावर पोचला.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमांकडे वळू. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ पासूनचे; नागपूर १९४८ चे; पुणे २ ऑक्टोबर १९५३ चे. पुणे केंद्राचे नाव ‘गीतरामायणा’मुळे (१९५५-५६) अजरामर झाले, पण त्याच केंद्रावर त्याच सुमारास मराठी विनोदाचे दोन थोर लेखक नोकरीस लागले होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोघेही १९५५ च्या सुमारास पुणे आकाशवाणीत आले. माडगूळकरांनी ग्रामीण विभागात सुमारे तीन दशके काढली. पु. लं.नी श्रुतिका लिहिल्या, भाषणे केली आणि माइकसमोर कसे बोलावे याचा वस्तुपाठ घालून दिला. छापील विनोदाची परंपरा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून चिं. वि. जोशींपर्यंत चालत आली होती. तिला आवाज देण्याचे काम या पिढीने केले.

तथापि सर्वसामान्य घरांत ज्या विनोदी मालिकेने स्थान मिळवले, ती मुंबई आकाशवाणीची ‘पुन्हा प्रपंच’ होय. पंत आणि मीनावहिनी यांचे मध्यमवर्गीय घर, आणि त्या घरात हक्काने डोकावणारे टेकाडेभावजी, एवढ्याच भांडवलावर ही मालिका उभी होती. पंत प्रभाकर जोशी यांनी, मीनावहिनी नीलम प्रभू (पुढे करुणा देव) यांनी आणि टेकाडेभावजी बाळ कुडतरकर यांनी आपल्या आवाजातून साकार केले. महागाई, पाहुणे, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा अशा चालू विषयांवर तिघांची जुगलबंदी चाले आणि जाता जाता एखादा उपयुक्त विचार श्रोत्याच्या पदरात पडे. सरकारी प्रबोधन हसण्याच्या पुडीत बांधून देण्याची ही युक्ती होती; पण पुडीच इतकी रुचकर असे की आतल्या औषधाबद्दल कोणी तक्रार केली नाही.

अशा श्रुतिकेचे तंत्र जाणून घेण्यासारखे आहे. रंगभूमीवरील नटाला चेहरा, पोशाख आणि हालचाल यांची मदत असते. नभोवाणीवरील नटाला केवळ आवाज. त्यामुळे दोन पात्रांचे आवाज कानाला चटकन वेगळे वाटले पाहिजेत, प्रत्येकाची बोलण्याची लकब ठरलेली पाहिजे आणि कोण कोणाशी बोलतो आहे हे संबोधनावरून कळले पाहिजे. ‘वहिनी’, ‘भावजी’, ‘अहो’ ही संबोधने म्हणूनच या मालिकांत वारंवार येतात. ती जिव्हाळ्याइतकीच तंत्राचीही गरज होती. मोठ्या शहरांतील श्रोत्याला यात काही विशेष वाटले नसेल. सीमाभागात मात्र त्याचा परिणाम निराळा झाला. शाळा कन्नड किंवा उर्दू माध्यमाची, शेजार मिश्र भाषेचा. अशा घरातील मुलांना मराठी नात्यांची आणि त्या नात्यांतील चेष्टेची भाषा आठवड्यातून एकदा तरी कानी पडे. क्रियापदे आणि लिंगवचने व्याकरणाच्या पुस्तकातून शिकता येतात. टोमणा कसा मारावा आणि तो हसत कसा परतवावा, हे ऐकूनच शिकावे लागते.

हिंदीचाही एक प्रवाह होता. बा. वि. केसकर हे मूळचे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांविषयी त्यांनी कठोर धोरण स्वीकारले, तेव्हा श्रोत्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन गाठले. त्याला उत्तर म्हणून ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली आणि तिच्या पोटी ‘हवामहल’ हा छोट्या हास्यप्रधान नाटिकांचा कार्यक्रम आला. गीतांसाठी लावलेल्या रेडिओवर पाव तासाचे प्रहसन ऐकण्याची सवय साऱ्या देशाला लागली, ती अशी.

सीमाभागाचे वैशिष्ट्य मात्र याहून पुढचे आहे. येथील मराठी श्रोता हा एका भाषेचा श्रोता कधीच नव्हता. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू यांनी एकोणिसाव्या शतकातच मराठी, कन्नड आणि हिंदुस्तानी या भाषांत पदरचना केली होती. त्यांच्या दरबारात जो संगम दिसला, तोच पुढे रेडिओच्या तबकडीवर दिसला. हैदराबादी दखनीतील विनोद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नसे. दखनीत नकारासाठी येणारे ‘नक्को’ हे आपले ‘नको’ आहे. ‘यहीच’, ‘अबीच’ यांतला जोर देणारा ‘च’ मराठीतून गेला आहे, असे भाषाभ्यासक सांगतात. त्यामुळे दखनी कवी श्रोत्यांना हसवू लागला की भालकीचा मराठी शेतकरी त्यांत आपला ‘च’ ओळखून हसे.

या दखनी विनोदाचा सर्वांत मोठा कवी आपल्याच मातीतला होता. सुलेमान खतीब यांचा जन्म १९२२ मध्ये बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा येथे झाला. गुलबर्ग्याच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी करीत त्यांनी घरगुती बोलीत हास्यकविता लिहिल्या आणि मुशायरे गाजवले. ‘केवडे का बन’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. सासू-सुनेची भांडणे, गरिबाघरची ओढाताण असे त्यांचे विषय. ऐकणारा हसता हसता गप्प होई. १९७८ मध्ये ते निवर्तले. उर्दूतील थोर विनोदकार मुज्तबा हुसैन (१९३६-२०२०) यांचाही जन्म गुलबर्गा जिल्ह्यातलाच. हैदराबादच्या ‘सियासत’ दैनिकातून १९६२ मध्ये त्यांनी विनोदी स्तंभलेखन आरंभले आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका जिल्ह्याच्या परिसराने उर्दूला असे दोन विनोदकार द्यावेत, ही साधी गोष्ट नव्हे.

कन्नडचेही तसेच. ८ जानेवारी १९५० रोजी धारवाड केंद्र सुरू झाले. घरी मराठी बोलणारे कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे पुढे त्या केंद्राचे सल्लागार होते आणि ‘एन्के’ या नावाने ओळखले जाणारे विनोदी लेखक एन. के. कुलकर्णी तेथे कार्यरत होते. उत्तर कर्नाटकाच्या बोलीला, तिच्या ठसक्यासह, या केंद्राने प्रतिष्ठा दिली. १९६६ मध्ये खुद्द गुलबर्ग्याला आकाशवाणी केंद्र आले आणि या भागातील कन्नड श्रोत्याला स्वत:च्या अंगणातला आवाज मिळाला.

येथे एका उणिवेकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. किंबहुना प्रस्तुत लेखाचे प्रयोजनच ते आहे. दखनी बोलीला सुलेमान खतीब मिळाले. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडला धारवाड मिळाले. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय मराठीला टेकाडेभावजी मिळाले. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण मराठीला माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार मिळाले. पण बिदर-कलबुर्गीच्या मराठीला, जिच्यात दखनीचे शब्द, कन्नडचा हेल आणि मराठवाड्याचा रोखठोकपणा एकत्र नांदतो, तिला नभोवाणीच्या बहराच्या काळात स्वत:चा विनोदकार मिळाला नाही. आपण चारही बाजूंचा विनोद ऐकला आणि मनमुराद हसलो. पण आपल्या बोलीत आपल्याला कोणी हसवले नाही. मुंबईच्या श्रुतिकांत गावाकडची बोली आली, तरी ती बहुधा गड्याच्या किंवा भोळ्या पाहुण्याच्या तोंडी येई आणि हसण्याचा रोख तिच्यावरच असे. आपली मराठी ‘अशुद्ध’ आहे, हा न्यूनगंड सीमाभागातील अनेक पिढ्यांनी जो बाळगला, त्याला हेही एक कारण झाले असावे.

याचा दोष कोणा एका केंद्रावर टाकता येणार नाही. केंद्रांची आखणी राज्यांच्या सीमांनुसार झाली आणि सीमेवरचा भाग प्रत्येक केंद्राच्या दृष्टीने टोकाचा ठरला. साठच्या दशकाच्या अखेरीस परभणीला आणि १९७६ मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) आकाशवाणी आली, तेव्हा मराठवाडी बोलीला काहीसा वाव मिळाला. त्या बोलीचे विनोदी सामर्थ्य साऱ्या महाराष्ट्राला पटले ते मात्र रंगमंचावरून. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग १९७९ पासून होऊ लागला आणि त्याच्या ध्वनिफिती घरोघरी पोचल्या. एकाच माणसाने आवाज बदलून अनेक पात्रे उभी करावीत, हे तंत्र नभोनाट्याचेच सख्खे भावंड आहे. बिदरच्या मराठी घरांत त्या ध्वनिफिती जितक्या प्रेमाने ऐकल्या गेल्या, त्यावरून आपली भूक किती जुनी होती हे उमगते.

तोवर काळ बदलला होता. दूरदर्शन या भागात फार लवकर आले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा जो ‘साइट’ प्रयोग देशातील सहा राज्यांत झाला, त्यात कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे निवडले गेले होते. पाठोपाठ १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचे केंद्र आले. राजधानी बंगळूरला ते १९८१ मध्ये मिळाले. मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अवतरले, तेव्हा त्यांचे प्रक्षेपण मात्र आपल्यापर्यंत पोचत नव्हते. रात्रीच्या मध्यम लहरी सीमा ओलांडून येत. दूरचित्रवाणीच्या लहरी तेवढ्या दूर येत नाहीत. उपग्रह वाहिन्यांचे युग येईपर्यंत दृक्‌श्राव्य मराठीचा दुष्काळ राहिला आणि ज्या घरांत आठवड्यातून एकदा मराठी चेष्टामस्करी ऐकू येई, तेथे ती हळूहळू थांबली.

आता या साऱ्याचे अवशेष किती उरले आहेत? त्या काळात चुंबकीय फीत महाग होती आणि एकदा प्रक्षेपण झाले की ती पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा होती. आठवड्याच्या विनोदी श्रुतिकेला कोणी चिरंतन ठेवा मानत नसे. परदेशांतही हेच घडले आहे. बी.बी.सी.च्या ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ (१९५४-५९) या गाजलेल्या मालिकेचे काही भाग नष्ट झाले होते. त्यांतील काही पुढे श्रोत्यांनी घरी करून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांतून परत मिळाले. अमेरिकेतील जॅक बेनीसारख्यांचे कार्यक्रम तबकड्यांवर मुद्रित होत असत आणि हौशी संग्राहकांनी त्या जपल्या, म्हणून ते आजही ऐकता येतात. आपल्याकडे जे छापले गेले, तेवढे निश्चितपणे वाचले. पु. लं.ची रेडिओवरील भाषणे आणि श्रुतिका ग्रंथरूपाने दोन भागांत उपलब्ध आहेत, हे वाचकाचे भाग्य. टेकाडेभावजींचा आवाज मात्र बहुतांशी ऐकणाऱ्यांच्या स्मरणातच उरला आहे आणि ते ऐकणारे आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेले आहेत.

याच ठिकाणी वाचनालयाचे कार्य सुरू होते. शंभर वर्षे आपण पुस्तके जमवली. आता आवाज जमवण्याची वेळ आली आहे. सभासदांपैकी कोणाच्या पोटमाळ्यावर किंवा ट्रंकेत जुन्या ध्वनिफिती पडून असतील, तर त्या टाकून न देता वाचनालयाकडे सोपवाव्यात. त्यांचे अंकीय रूपांतर आज अवघड राहिलेले नाही. रेडिओ-परवान्याच्या जुन्या पुस्तिका, कार्यक्रमपत्रिका आणि आकाशवाणीला पाठवलेल्या पत्रांच्या प्रतीही मोलाच्या आहेत. त्याहून निकडीचे काम म्हणजे वृद्ध सभासदांकडून त्यांच्या आठवणी, गावातले किस्से, म्हणी आणि नकला त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घेणे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद येथल्या पारांवर आणि ओसऱ्यांवर सांगितला जाणारा विनोद कोणत्याही केंद्राने प्रक्षेपित केला नाही. तो अद्याप लोकांच्या तोंडी आहे. तो सांगताना माणसे मध्येच कन्नड बोलतील, दखनीत शिवी हासडतील, आणि पुन्हा मराठीवर येतील. ते तसेच नोंदवावे. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नये.

दुसऱ्या शतकात पदार्पण करताना वाचनालयाने एक कपाट या संग्रहासाठी राखून ठेवावे आणि त्याची जबाबदारी तरुण सभासदांवर सोपवावी, अशी सूचना येथे नम्रपणे करावीशी वाटते. या कामाला मोठा निधी लागणार नाही. आठवड्यातला एखादा तास आणि समोरच्याचे बोलणे मधे न तोडता ऐकण्याची सवय पुरेशी आहे. ती सवय या भागाला पूर्वीपासून आहे. माळवदावरच्या एरियलखाली चार घरांची माणसे खरखर सोसत रात्री बसून राहत, ती याच सवयीच्या बळावर.